कोंबड्यांचं पाणी आणि बाईंची खुर्ची

न्हाणीचं पाणी आमच्याकडे घराच्या मागच्या अंगाला, अळवाच्या वाफ्यात पडतं. डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या आठच्या आठ कोंबड्या त्या वाफ्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहून आमच्या चिरंजीवांच्या आंघोळीचं पाणी पीत होत्या. चोच बुडवायची, मान वर करून घोट उतरवायचा, डोळा अर्धा मिटायचा, पुन्हा चोच बुडवायची. पाण्यावर साबणाचा फेस होता. आणि तिथून वीस पावलांवर, उत्तरेच्या भिंतीला लागून, मी स्वतः घासून भरून ठेवलेलं मातीचं परळ होतं. नळाचं ताजं पाणी. त्याला एकीनंही तोंड लावलं नव्हतं.

मला खरं तर राग आला. परळ काही असंच आणलेलं नव्हतं. कुंभारवाड्यात जाऊन, चार दुकानं हिंडून, बोटानं वाजवून बघून आणलं होतं.

"त्यांना गार लागतं ते," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचा संसार झाला, सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. घरात सगळे त्यांना बाईच म्हणतात, नातूसुद्धा.

"कोंबडीला कसलं गार लागतंय बाई? एवढी पिसं आहेत अंगावर."

"पिसं अंगावर हायेत. चोचीवर न्हाईत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी साबणाच्या पाण्यावर तांब्याभर साधं पाणी ओतलं, कोंबड्यांना हुसकलं आणि आत गेले. पण वाक्य डोक्यात राहिलं.

आमचं घर नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या अंगाला आहे, जिथं शहर संपतं की द्राक्षबागा सुरू होतात हे दरवर्षी नव्यानं ठरवावं लागतं अशा ठिकाणी. मागे मोकळी जागा, एक लिंबू, एक शेवगा, पूर्वेला स्वयंपाकघराचा ओटा आणि कोपऱ्यात पत्र्याचं खुराडं. करोनाच्या वर्षी, सगळे घरात अडकले तेव्हा, पोराच्या हट्टापायी चार गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. मग तीन गिरिराज जातीच्या आल्या, मग कुणीतरी दोन दिल्या. कोंबड्या वाढतात त्या अशाच, घरातल्या स्टीलच्या डब्यांसारख्या.

पहिल्या उन्हाळ्यात काही प्रश्न आला नाही. सावली बघायची, पाणी ठेवायचं, संपलं. खरा घोळ झाला तो पहिल्या हिवाळ्यात. आणि तो झाला कारण मी अभ्यास केला होता.

अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. त्यातले बहुतेक बर्फाच्या देशांतले. तिथं पाणी रात्रीतून दगड होतं, म्हणून भांड्याखाली विजेची शेगडी, तापणारे ड्रिंकर म्हणजे पाणी प्यायची भांडी, तासातासाला बर्फ फोडणं. ते बघून मला एवढंच कळलं की हिवाळा आला की कोंबडीचं सगळं आत न्यायचं. मी नेलं. लाल बुडाचा, पांढऱ्या टाकीचा प्लास्टिकचा ड्रिंकर खुराड्याच्या मधोमध टांगला, खाण्याचं भांडं त्याला लागून ठेवलं, आणि वारा येऊ नये म्हणून जाळीवर चारही बाजूंनी निवडणुकीचा एक फ्लेक्स गुंडाळला. फ्लेक्सवर एक भावी नगरसेवक हात जोडून हसत होते. आतून कोंबड्यांना त्यांची उलटी बाजू दिसत असणार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत पाऊस पडल्यासारखं. पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब लगडलेले, एकेक टपकत होता. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं. वाकून आत डोकं घातलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, इतका उग्र वास. उभं राहून तो वास येत नव्हता, हे मला नंतर महत्त्वाचं वाटलं. कोंबडीचं नाक जिथं असतं तिथं आपलं नाक नेल्याशिवाय खुराडं कसं आहे ते कळत नाही. दोन गिरिराज तोंड उघडून श्वास घेत होत्या, नाकाशी फेस.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी थंडीबद्दल बोलत राहिले. निफाडचा पारा किती उतरलाय, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंडीचं नाव पुढं करू नका ताई. खुराड्यातलं तूस मुठीत दाबून बघा." घरी येऊन दाबलं. मूठ उघडली तरी लाडवासारखं राहिलं. मोकळं व्हायला हवं होतं.

हिशेब साधा होता, मी केला नव्हता. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. नऊ कोंबड्यांचं झालं सव्वादोन लिटर. त्यातलं थोडं अंड्यात जातं (अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो), थोडं श्वासातून, आणि उरलेलं विष्ठेतून. कोंबडीच्या विष्ठेतही सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं. म्हणजे भांडं आत नसलं तरी रात्रभर नऊ जणी ओल सोडतच असतात. त्यात मी मधोमध पाण्याचा ड्रिंकर टांगला, जो कोंबड्या पंख मारून हलवणार, सांडणार. आणि ओल बाहेर पडायची वाट फ्लेक्सनं बंद केली. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्यानं श्वासनळी सोलवटते आणि मग कुठलाही आजार आत शिरायला मोकळा. रक्ती हगवणीचे जंतूही असल्या ओल्या तुसातच माजतात. बर्फाच्या देशांतली जाणती माणसंही पाणी खुराड्यात ठेवायला नको म्हणतात ते याचसाठी. तिथं तर दमट हवेत कोंबडीचा तुरा गोठून काळा पडतो. तो व्हिडिओ मी पाहिला नव्हता. मी शेगडीचा पाहिला होता.

रात्री आत पाण्याची गरजच नसते, हे तर बाईंना विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. कोंबडीला अंधारात दिसत नाही. तिन्हीसांज झाली की ती दांडीवर चढते ती उजाडेपर्यंत ढिम्म. ना खाते, ना पिते. गावाकडे डालग्याखाली झाकायच्या तेव्हा डालग्यात कुणी तांब्या ठेवत नसे. मात्र उजाडल्या उजाडल्या पाणी समोर हवं. दिवसात सगळ्यात जास्त पाणी त्या पितात ते उठल्यावर आणि झोपायच्या आधी.

फ्लेक्स काढला. नगरसेवकांना लाकडांच्या ढिगावर पांघरलं. उत्तरेच्या बाजूला गोणपाट लावलं, कारण हिवाळ्यात वारा तिकडून येतो, पण वर पत्र्याखाली वीतभर फट मोकळी सोडली. घोटीच्या भातगिरणीतलं कोरडं तूस दोन पोती आणून नवीन अंथरलं. एक गिरिराज वाचली. दुसरी नाही.

तर पाणी आत नको, हे शिकले. मग ते बाहेर कुठं? मी ठेवलं नळाजवळ, कारण भरायला सोपं. नळ उत्तरेच्या भिंतीला. आणि प्लास्टिकचा ड्रिंकर खुराड्याचा वास घेऊन बसला होता म्हणून मातीचं परळ आणलं. माती म्हणजे नैसर्गिक, माती म्हणजे चांगली, असं काहीतरी त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. पुढचं वर अळवाच्या वाफ्यात सांगितलंच आहे.

बाईंच्या वाक्यानंतर मी एक उद्योग केला. पोराच्या शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला काचेचा थर्मामीटर होता, तो घेऊन पहाटे बाहेर गेले. हवा अकरा अंश. शेजारच्या लोखंडी घमेल्यात, ज्यात मी सहज पाणी साठवलं होतं, तेही अकराच्या आसपास. परळातलं पाणी आठ. मी पुन्हा मोजलं. आठ.

मग माझंच मला हसू आलं. आपण माठ कशासाठी घेतो? माती पाझरते, पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नाशिकचा हिवाळा कोरडा. म्हणजे मी कोंबड्यांसाठी डिसेंबरात, उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडावर, माठ भरून ठेवला होता. जिचं अंग एकेचाळीस अंशांवर असतं तिच्यासमोर आठ अंशांचं पाणी, आणि वीस पावलांवर बंबातलं कोमट पाणी वाहत असताना. मी कोंबडी असते तर मीही अळवात गेले असते.

थंड पाणी पिऊन कोंबडी मरत नाही. पण ती कमी पिते, आणि कमी प्याली की कमी खाते, कारण कोरडं खाद्य गळ्याखालच्या पिशवीत भिजायला पाणी लागतं. थंडीत अंग गरम ठेवायला खरं तर तिला जास्त खायचं असतं. म्हणजे पाणी चुकलं की खाणंही चुकतं आणि दोन्ही चुकली की अंडं थांबतं. आमची अंडी तेव्हा दिवसाला सहावरून दोनवर आली होती. सगळा दोष पाण्याचा नव्हता. कोंबडीला भरभरून अंडी द्यायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात नाशिकला दिवस जेमतेम अकरा तासांचा. शिवाय तेव्हा पिसं गळालेली होती. ते आपल्या हातात नाही. मी काही दिवा लावला नाही, त्यांनाही वर्षातून थोडी सुट्टी असू दे.

आता बाईंची खुर्ची.

बाईंचा हिवाळ्यातला दिनक्रम असा. सूर्य लिंबाच्या मागून वर आला की, म्हणजे साडेसात-पावणेआठला, त्या शाल गुंडाळून प्लास्टिकची लाल खुर्ची घेऊन ओट्याच्या कोपऱ्यावर बसतात. तिथं दोन भिंती काटकोनात आहेत. उत्तरेचा वारा अडतो आणि आग्नेयेचं कोवळं ऊन थेट येतं. डिसेंबरात सूर्य पूर्वेला उगवतच नाही, बराच दक्षिणेला सरकून उगवतो, हे मी भूगोलात शिकले होते. बाईंची खुर्ची बघून मला ते पटलं. साडेदहाला ऊन चटका देऊ लागतं, तेव्हा खुर्ची लिंबाच्या चाळणीसारख्या सावलीत. दुपारी घरात. चार वाजता पश्चिमेच्या पायरीवर, उतरत्या उन्हात, शेंगा सोलायला. दिवे लागायच्या आत आत.

त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. निफाडची थंडी खाल्लेल्या माणसाला शिकवायला लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर २०१८ मध्ये दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्या दिवसांत बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून, ठिबक चालू करून बसले होते, घड तडकू नयेत म्हणून. जमिनीतून आलेलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेवढीच झाडाला ऊब. बाई सांगतात, त्यांच्या लहानपणी अशा सकाळी विहिरीतून वाफ यायची आणि पोरं पोहऱ्यातलं पहिलं पाणी हातावर घ्यायला भांडायची.

पण ही थंडी फक्त सकाळची. इथंच बर्फाच्या देशांतला सल्ला आपल्या कामाचा राहत नाही. पहाटे दहा असलेला पारा दुपारी दोनला अठ्ठावीसवर असतो. सकाळी ज्या उन्हात ठेवलेलं पाणी बरं, त्याच उन्हात दुपारी ते तापतं, हिरवं शेवाळ धरतं, कोंबडी पुन्हा तोंड फिरवते. एक जागा ठरवून, फरशी बसवून, "हे पाण्याचं ठिकाण" असं म्हणायची सोय नाशिकच्या हिवाळ्यात नाही. मला मात्र तीच हवी होती. दोन दिवस मी अंगणात खडूनं खुणा करत फिरत होते, किती वाजता कुठं ऊन येतं त्याच्या. बाई खुर्चीवरून बघत होत्या.

"काय शोधती?"

"पाणी कुठं ठेवायचं ते बघतेय."

"मी इथं बसलेय ना," असं म्हणून त्यांनी पायाजवळची जागा चपलेनं दाखवली.

खाली बघितलं तर चार कोंबड्या आधीच त्यांच्या खुर्चीखाली अंग फुगवून बसलेल्या. एक पंखात मान घालून झोपलेली. बाईंनी शोधलेली जागा त्यांनीही शोधलेली होती, किंवा उलट असेल.

तेव्हापासून पाणी खुर्चीबरोबर फिरतं. सकाळी बंबातलं तांब्याभर कढत आणि दोन तांबे साधं, बोट घातलं तर गार लागू नये इतपत, काळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात. काळं भांडं उन्हात लवकर उबदार होतं. दोन विटांवर ठेवायचं, म्हणजे काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येतो. खाली ठेवलं तर त्या पायानं उकरून निम्मं तूस-माती आत लोटतात आणि वाकून पिताना गळ्याखालची लाल लोंबती कातडी भिजते. भिजली की गार वाऱ्यात तीच आधी सोलते. साडेदहाला घमेलं लिंबाखाली. चारला पुन्हा ताजं, पायरीजवळ. बाईंना उठताना हात द्यायला मी जातेच, तेव्हाच भांडं उचलायचं. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

एक भानगड मात्र राहिली. आमच्यातली एक गावठी, तिला आम्ही पाटलीण म्हणतो, घमेल्यापाशी ठाण मांडून बसायला लागली. प्यायची नाहीच, नुसती बसायची, आणि भुरी नावाची दुसरी जवळ आली की तिच्या डोक्यात चोच. कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड असते, आणि उबदार जागा एकच असली की वरची ती धरून ठेवते. खालच्या दोघी-तिघी तहानलेल्याच राहतात. उपाय बाईंनीच सांगितला, भाकरी थापता थापता: दुसरं भांडं ठेवायचं, पण पाटलिणीला एका जागेवरून दोन्ही दिसता कामा नयेत. शेवग्याच्या बुंध्याआड एक स्टीलची जुनी परात ठेवली. भुरी तिथं पिते. पाटलीण दिवसातून दोनदा संशय येऊन फेरी मारते, तेवढं चालायचंच.

खाण्याचं प्रकरण पाण्याइतकं नाजूक नाही, पण त्यात माझ्या चुका जास्त घाण निघाल्या. पाणी बाहेर काढलं तसं मी खाणंही बाहेर काढलं, उघड्यावर. डिसेंबरात इथं पहाटे दव पडतं. मक्याचा भरडा रात्रभर बाहेर राहिला की सकाळी त्याची खळ होते, दोन दिवसांत हिरवट बुरशी. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कोंबडीच्या यकृतावर उठते; आपण वरचं खरवडून खालचं देऊ म्हणावं तर विष खालीही उतरलेलं असतं. फेकून द्यायचं, जीव तुटला तरी.

उघड्यावरच्या खाण्याचे पाहुणे वेगळेच. दिवसा चिमण्या, साळुंक्या, कबुतरं. रात्री घूस. घुशीनं आठवड्यात खुराड्याखालून बोगदा केला, घुशीमागे धामण आली, आणि धामण बिनविषारी असते हे माहीत असूनही मी ओट्यावर चढून किंचाळले. आमच्या भागात बागेत, उसात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून असतेच. वासावर कोण कोण येतं याचा विचार करायला लागलं की संध्याकाळी साडेपाचला भांडं उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामं करायची सवय आपोआप लागते.

आणि पक्षी. साळुंकीनं दोन दाणे खाल्ले तर खाऊ दे, असं मलाही वाटायचं. पण भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ निघाली ती २००६च्या फेब्रुवारीत, आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला; २०२१च्या फेब्रुवारीत तिथंच पुन्हा. हा रोग रानपाखरांच्या, विशेषतः पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतो, आणि हिवाळा म्हणजे स्थलांतराचा मोसम. आमच्यापासून फार लांब नाही, निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगानं दखल घेतलेली पाणथळ जागा. थंडीत तिथं हजारो बदकं उतरतात आणि आम्हीही पोराला घेऊन दुर्बीण लावून बघायला जातो. जायचं, पण परत आल्यावर त्याच चपलांनी खुराड्यात शिरायचं नाही. आणि खाणं-पाणी वरून काही पडणार नाही असं ठेवायचं, खाणं तर छपराखालीच. म्हणून खाण्याचं भांडं पडवीत, भिंतीपासून हातभर पुढं, पाण्यापासून चार पावलं लांब. जवळ ठेवलं की त्या तोंडात भरडा घेऊन पाण्यावर जातात आणि पाण्याची आंबील करतात. पाणी उन्हात फिरतं तेव्हा त्याच्यावर लिंबाची फांदी नको हेही पुढं कळलं, कारण फांदीवर बुलबुल बसतात. आता साडेदहाची जागा लिंबाच्या सावलीत पण फांदीच्या बाहेर, टोपलीएवढ्या तुकड्यात आहे. तेवढी सरकते.

अजून एक गोष्ट इथल्याशिवाय कुठं लिहून ठेवलेली सापडणार नाही. आमच्या पश्चिमेच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत घड भरत असतात, भुरी रोगासाठी, थ्रिप्स किडीसाठी फवारण्या चालतात, ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फिरला की पांढरा धुरळा आमच्या जास्वंदीपर्यंत येतो. म्हणून चारनंतरची पायरीजवळची जागा फवारणीच्या दिवशी रद्द. बागेचे मालक सज्जन आहेत, आदल्या संध्याकाळी कुंपणावरून हाक मारतात, "वहिनी, उद्या ब्लोअर आहे, भांडी उचला." त्या दिवशी बाईंची खुर्चीही तिकडे जात नाही. शिंकत शिंकत त्या बागायतदाराच्या खर्चाचा हिशेब मांडतात, औषधाच्या डब्यासकट.

संध्याकाळचं खाणं मात्र मला सगळ्यात आवडतं. पाच वाजता, खुराड्याच्या दारासमोर, कोरड्या मातीवर मूठ मूठ बाजरी आणि मक्याचे दाणे फेकायचे. अख्खा दाणा दळला जायला वेळ लागतो, रात्रभर पोटात चक्की चालू राहते आणि तेवढी ऊब सुटते. बाई याला एवढंच म्हणतात की बाजरी गरम. आम्हीही थंडीत बाजरीचीच भाकरी खातो, मग त्यांनी का नाही. एका कोंबडीला दिवसाला एकूण शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं, त्यातली मूठभर ही. झोपायला चढल्यावर दांडीवर हात फिरवून प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपायची. भरलेली असली की लिंबाएवढी, टणक-मऊ. रिकामी लागली तर ती दिवसभर कुणीतरी हाकललेली असते. भुरीची मी दोनदा चाचपते.

गेल्या हिवाळ्यात बाई महिनाभर लेकीकडे पिंपळगावला गेल्या. खुर्ची ओट्यावर तशीच राहिली. मला वाटलं होतं आता सवय झाली आहे, जमेल. पहिले दोन दिवस पाणी सकाळी नऊपर्यंत कालच्याच जागी, काल रात्रीचंच. तिसऱ्या दिवशी फोन.

"ऊन आलं का कोपऱ्यात?"

"आलं."

"मग खुर्ची काढ."

"तुम्ही नाही तर खुर्ची कशाला बाई?"

"त्या खुर्चीला बघून येत्यात. मला बघून न्हाई."

मी खुर्ची उन्हात सरकवली, शेजारी विटांवर घमेलं ठेवलं आणि चहाचा कप घेऊन आत जाणार, तोवर भुरी येऊन खुर्चीखाली शिरली होती. मग कप तिथंच घेतला. पुढचे पंचवीस दिवस रोज पावणेआठला मी खुर्चीत, साडेदहाला लिंबाशी. कामावर दोनदा उशीर झाला. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

बाई आल्या त्या महाशिवरात्रीच्या तोंडावर. शिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत निघून जाते म्हणतात, तशी ती निघालीच होती. दुपारी घमेल्यातलं पाणी हाताला चटका देत होतं. बाई आल्या आल्या अंगणात गेल्या, उन्हाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुझं ते मातीचं काढ."

परळ मी दोन वर्षांपूर्वी रागानं खुराड्यामागच्या सांदीत, जळणाच्या ढिगाशी टाकून दिलं होतं. नगरसेवकांचा फ्लेक्स बाजूला केला. परळ तिथंच होतं, कोनाड्यात ठेवल्यासारखं, आणि त्यात पाटलीण बसली होती. चार-पाच दिवस ती अंडी कुठं घालते ते सापडत नव्हतं. मी हात पुढं केला तशी तिनं पिसं फुलवली, घशातून तो खास खुडूक कोंबडीचा आवाज काढला आणि मनगटाला चांगली टोचली.

"किती हायेत खाली?" बाईंनी ओट्यावरून विचारलं.

"मोजू देत नाहीये."

"असू दे मग. एकवीस दिवस धर." त्या खुर्ची ओढून सावलीत बसल्या. "उद्या कुंभारवाड्यात जाऊन ये. आणि येताना तिच्यापुरती वाटीभर कणी आण, पण तिच्या तोंडाशी ठेवू नको. उठून पाण्याला आली पाह्यजे."